पेनाइल इम्प्लांट किती टिकते, आणि ते टिकावे म्हणून काय करावे

पेनाइल इम्प्लांट, म्हणजे लिंगाला ताठरता यावी म्हणून शस्त्रक्रियेने आत बसवायचे यंत्र, बसवण्याचा विचार करणारा पुरुष सर्जनसमोर बसल्यावर बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो की, हे किती वर्षे टिकेल. प्रश्न रास्त आहे, परंतु त्याच्या पोटात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. यंत्र म्हणून ते केव्हा बिघडेल, जंतुसंसर्गामुळे ते काढावे लागण्याची शक्यता किती, यंत्र नीट चालत असूनही ते वापरावेसे वाटेल का, आणि ते निकामी झालेच तर पुढचा मार्ग कोणता, असे ते प्रश्न आहेत. ही चार उत्तरे एकमेकांपासून वेगळी आहेत. ज्याने ती वेगवेगळी मागितली, त्याचा निर्णय सहसा चुकत नाही, असे मला मनापासून वाटते. पुढील मार्गदर्शन याच चार प्रश्नांना धरून लिहिले आहे. ते सर्जनच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, मात्र तो सल्ला घेताना काय विचारावे आणि मिळालेले उत्तर कसे तोलावे, हे त्यातून कळावे असा हेतू आहे.

आधी यंत्र समजून घ्यावे

बिघाड कोठे होतो हे कळण्यासाठी रचना ठाऊक असणे आवश्यक आहे. लिंगामध्ये स्पंजासारख्या ऊतीच्या दोन लांबट पोकळ्या असतात, ज्यांना कॉर्पोरा कॅव्हर्नोसा म्हणतात. नैसर्गिक ताठरतेच्या वेळी याच पोकळ्यांत रक्त भरते. इम्प्लांटचे दोन सिलिंडर याच दोन पोकळ्यांत, एकेका बाजूला एक, असे बसवले जातात.

१९७३ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगवता येणाऱ्या इम्प्लांटची माहिती प्रसिद्ध केली. आज सर्वाधिक वापरात असलेल्या तीन भागांच्या इम्प्लांटची मूळ कल्पना तीच आहे. लिंगातील दोन सिलिंडर, वृषणकोशातील पंप आणि ओटीपोटात ठेवलेली सलाईनची लहान टाकी हे सर्व भाग बारीक नळ्यांनी जोडलेले असतात. पंप दाबला की टाकीतील सलाईन सिलिंडरमध्ये येते आणि लिंग ताठर होते; झडप मोकळी केली की सलाईन टाकीत परत जाते आणि लिंग शिथिल होते. दोन भागांच्या प्रकारात पोटातील वेगळी टाकी नसते. ज्यांच्या ओटीपोटात पूर्वी मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत, त्यांच्यासाठी याचा विचार होतो, पण त्यात ताठरता आणि शिथिलता या दोन्ही गोष्टी थोड्या कमी प्रमाणात मिळतात. तिसरा प्रकार वाकवता येणाऱ्या, अर्धताठर दांड्यांचा आहे. त्यात द्रव नाही, पंप नाही आणि झडपही नाही.

यावरून एक साधा निष्कर्ष निघतो. जेथे द्रव, नळ्या, सांधे आणि झडपा आहेत, तेथे कधीतरी गळती होणार. जेथे ते काही नाही, तेथे यांत्रिक बिघाड विरळा होतो. परंतु अर्धताठर दांडी चोवीस तास तितकाच दाब आतील ऊतींवर ठेवते, त्यामुळे ज्यांची त्या भागातील संवेदना कमी झालेली आहे, उदाहरणार्थ मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण, त्यांच्यात दांडी ऊती झिजवून बाहेर येण्याचा धोका अधिक राहतो. म्हणून यांत्रिक टिकाऊपणाच्या एकाच निकषावर प्रकार निवडणे चुकीचे ठरते. शिथिल अवस्थेत दाब पूर्णपणे उतरणे हाही टिकाऊपणाचाच भाग आहे, फक्त तो यंत्राचा नसून शरीराचा आहे.

आकडे कसे वाचावेत

दीर्घकालीन निष्कर्षांविषयी वारंवार उद्धृत होणारा एक अभ्यास २००७ साली स्टीव्हन विल्सन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. एकाच शल्यगटाने दोन दशकांत प्रथमच बसवलेल्या २,३८४ फुगवता येणाऱ्या इम्प्लांटचा तो मागोवा होता. कोणत्याही कारणाने पुन्हा शस्त्रक्रिया करावी न लागलेल्यांचे अनुमानित प्रमाण १० वर्षांनंतर ६८.५ टक्के आणि १५ वर्षांनंतर ५९.७ टक्के होते. केवळ यांत्रिक बिघाडाचा विचार केला, तर १० वर्षांनंतर ७९.४ टक्के आणि १५ वर्षांनंतर ७१.२ टक्के इम्प्लांट शाबूत होती.

या दोन जोड्यांमधील फरक नीट पाहावा. दहा वर्षांच्या टप्प्यावर तो जवळजवळ ११ टक्क्यांचा आहे. एखाद्या माहितीपत्रकात पहिली जोडी न देता केवळ दुसरीच दिली, तर त्यात असत्य काही नसते, परंतु वाचणाऱ्याचा समज चुकीचा होतो. म्हणून सर्जनने सांगितलेला आकडा ऐकल्यावर पहिला प्रतिप्रश्न असा असावा: हा आकडा केवळ यंत्र बिघडण्याचा आहे, की कोणत्याही कारणाने पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचा? जंतुसंसर्ग, ऊती झिजणे, पंप जागेवरून सरकणे, आकाराबद्दलचे असमाधान ही सारी कारणे दुसऱ्या प्रकारच्या आकड्यात येतात, आणि ज्याला पुन्हा ऑपरेशन टेबलवर जायचे आहे त्याला कारण कोणते होते याने फारसा दिलासा मिळत नाही.

दुसरी बाब अशी की, पंधरा वर्षांचा निष्कर्ष ज्या इम्प्लांटचा असतो, ती इम्प्लांट किमान पंधरा वर्षे जुनी असतात. मधल्या काळात बनावट बदलते. नव्या सहस्रकाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका कंपनीच्या सिलिंडरच्या थरांवर घर्षण कमी करणारे पॅरिलीनचे लेपन आले, दुसऱ्या कंपनीने टाकीला अशी झडप दिली की पोटावर दाब पडला तरी सलाईन आपोआप सिलिंडरकडे जाणार नाही, आणि जंतुसंसर्ग रोखणारी लेपनेही याच सुमारास आली. त्यामुळे जुन्या अभ्यासाचा आकडा आजच्या इम्प्लांटसाठी थोडा कमी दाखवणारा असू शकतो. मात्र आजचे इम्प्लांट वीस वर्षे टिकेल असे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे त्याचा पुरावा असणे शक्य नाही, कारण तेवढी वर्षे अजून उलटलेलीच नाहीत.

तिसरी बाब थोडी तांत्रिक असली तरी समजून घेण्याजोगी आहे. असे अभ्यास सहसा कॅप्लन-मायर नावाच्या पद्धतीने मांडले जातात. त्यात जो रुग्ण मध्येच तपासणीला येणे बंद होतो, किंवा ज्याचे अन्य कारणाने निधन होते, तो त्या क्षणापर्यंत ‘बिघाड नाही’ असा मोजला जातो आणि नंतर गणतीतून बाहेर पडतो. एखाद्या पुरुषाचे इम्प्लांट सातव्या वर्षी बंद पडले, पण जोडीदार हयात नाही किंवा पुन्हा शस्त्रक्रिया नको म्हणून तो कोणाकडे गेलाच नाही, तर त्याचा बिघाड कोठेही नोंदला जात नाही. अभ्यास जितका लांब, तितकी अशी माणसे अधिक. म्हणूनच शेवटच्या वर्षांचे आकडे पहिल्या पाच वर्षांच्या आकड्यांपेक्षा कमी भरवशाचे मानावेत.

वयाचा हिशेबही प्रत्येकाने स्वतःच करावा. सत्तरीतील पुरुषासाठी पंधरा वर्षांत दहांपैकी सहा जणांना दुसरी शस्त्रक्रिया लागली नाही ही गोष्ट आश्वासक आहे. पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाने मात्र आयुष्यात किमान एक आणि कदाचित दोन वेळा इम्प्लांट बदलावे लागेल असे गृहीत धरूनच होकार द्यावा.

जंतुसंसर्ग: सर्वांत महागडी चूक

यांत्रिक बिघाड त्रासदायक असतो, धोकादायक नसतो. सलाईन गळले तर ते शरीरात शोषले जाते आणि त्याने अपाय होत नाही. जंतुसंसर्गाची गोष्ट वेगळी आहे. इम्प्लांटच्या पृष्ठभागावर जंतू चिकटले की ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात. या आवरणात औषध पुरेसे पोहोचत नाही, त्यामुळे केवळ गोळ्या-इंजेक्शनांनी असा संसर्ग बरा होण्याची आशा थोडीच असते आणि बहुतेक वेळा सर्व भाग काढावे लागतात.

या बाबतीत खरी प्रगती झाली आहे. एका प्रकारच्या इम्प्लांटवर मिनोसायक्लीन आणि रिफॅम्पिन या प्रतिजैविकांचे लेपन कारखान्यातच केलेले असते. दुसऱ्या प्रकारावर पाणी शोषणारे लेपन असते, जे सर्जन ऑपरेशनच्या वेळी प्रतिजैविकाच्या द्रावणात भिजवतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, कली कार्सन आणि सहकाऱ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात, ७.७ वर्षांपर्यंतच्या काळात जंतुसंसर्गामुळे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण प्रतिजैविकयुक्त इम्प्लांटमध्ये १.१ टक्के आणि लेपन नसलेल्यांमध्ये २.५ टक्के आढळले. हा अभ्यास उत्पादकाकडे भरून पाठवलेल्या रुग्णनोंदींवर आधारलेला होता, म्हणून प्रत्यक्षातील आकडा थोडा अधिक असू शकतो. तथापि दोन गटांतील फरकाची दिशा स्पष्ट आहे आणि इतर निरीक्षणांशी जुळणारी आहे. लेपन असलेलेच इम्प्लांट मिळेल ना, हे आधी विचारून घ्यावे.

लेपनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, सर्जनच्या सरावाचा प्रभाव पडतो. न्यूयॉर्क राज्यातील सुमारे १५ हजार पुरुषांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षाकाठी अगदी मोजकीच इम्प्लांट बसवणाऱ्या सर्जनांच्या रुग्णांना जंतुसंसर्गामुळे पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण, भरपूर इम्प्लांट बसवणाऱ्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक होते. म्हणून ‘आपण वर्षाला किती इम्प्लांट बसवता, आणि त्यांपैकी किती पुन्हा उघडावी लागली’ हा प्रश्न संकोच न करता विचारावा. चांगला सर्जन या प्रश्नाने दुखावला जात नाही. जो दुखावला जातो, त्याच्याकडून शस्त्रक्रिया न केलेली बरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी स्वतः काय करावे

रुग्णाच्या हातात बरेच काही असते. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणूनच तारीख ठरवावी. एचबीए१सीची, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीची, नेमकी मर्यादा कोणती यावर तज्ज्ञांत एकमत नाही. काही अभ्यासांत ८.५ टक्क्यांच्या पुढे संसर्ग वाढलेला दिसला, तर काहींत अशी ठळक रेषा आढळली नाही. तरीही दोन-तीन महिने थांबून साखर सुधारण्यात तोटा काहीच नाही, कारण ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. तंबाखू आणि धूम्रपान सोडावे. लघवीत जंतुसंसर्ग असेल, जांघेत बुरशी किंवा फोड असतील, दाताला पू झालेला असेल, तर तो पूर्ण बरा होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. जांघेतील केस घरी रेझरने काढू नयेत, कारण त्याने होणाऱ्या बारीक जखमा जंतूंना वाट देतात. ते काम शस्त्रक्रियेच्या वेळी तेथील कर्मचाऱ्यांवर सोपवावे.

पंप हाताळता येईल का, याची परीक्षा आधीच घ्यावी. सर्जनकडे नमुन्याचे इम्प्लांट असते, ते हातात घेऊन दाबून पाहावे. बोटांचा संधिवात, हाताचा कंप, क्षीण दृष्टी किंवा मोठे पोट यांमुळे वृषणकोशातील पंप शोधून दाबणे अवघड जाते. अशा वेळी जोडीदार ते करू शकेल का, आणि तिला किंवा त्याला ते मान्य आहे का, हेही बोलून घ्यावे. तसे नसेल तर अर्धताठर दांड्यांचा पर्याय अधिक शहाणपणाचा ठरतो. यंत्र निर्दोष असूनही पंप दाबता न आल्यामुळे ते वर्षानुवर्षे पडून राहणे हे अपयशच आहे, भले ते कोणत्याही आकडेवारीत येत नसो.

लांबीविषयीचे बोलणे मात्र टाळू नये, कारण समाधानाच्या प्रश्नावर सर्वाधिक परिणाम याच गोष्टीचा होतो. शस्त्रक्रियेनंतरची सर्वांत सामान्य तक्रार लिंग पूर्वीपेक्षा आखूड वाटते ही आहे. यामागे अनेक कारणे असतात. वर्षानुवर्षे ताठरता न आल्याने, प्रोस्टेट काढल्याने किंवा पेरोनीच्या विकाराने (ज्यात आतील व्रणामुळे लिंग वाकडे होते) लिंग आधीच थोडे आकसलेले असते, आणि तुलना मात्र तारुण्यातील आठवणीशी होते. शिवाय इम्प्लांटने लिंगमुंड फुगत नाही, ते मऊच राहते. शस्त्रक्रियेपूर्वी शिथिल लिंग हळुवार ताणून त्याची लांबी सर्जनने मोजावी, ती रुग्णाला दाखवावी आणि कागदावर लिहून ठेवावी. इम्प्लांटनंतर अपेक्षित असलेली लांबी साधारण तेवढीच असते. हे माप डोळ्यांसमोर असलेला पुरुष पुढे निराश होण्याची शक्यता बरीच कमी होते.

याच बैठकीत आणखी काही गोष्टी समजून घ्याव्यात. इम्प्लांट ताठरता देते. कामेच्छा, स्पर्शाची संवेदना, वीर्यपतन आणि परमसुख यांत ते भर घालत नाही, आणि सहसा त्यांचे नुकसानही करत नाही. जे आधी होते ते राहते, जे आधीच गेले होते ते परत येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा निर्णय मागे घेता येत नाही. सिलिंडर बसवताना पोकळीतील नैसर्गिक ऊती रुंदावली आणि दाबली जाते. पुढे इम्प्लांट काढले तरी नैसर्गिक ताठरता परतेल असे समजू नये, आणि ताठरतेच्या गोळ्यांवरही विसंबता येत नाही. म्हणून गोळ्या, लिंगातील इंजेक्शन आणि लिंगावर बाहेरून लावायचा निर्वात पंप हे पर्याय एकतर वापरून झालेले असावेत किंवा विचारपूर्वक नाकारलेले असावेत.

पहिले सहा आठवडे

पहिल्या आठवड्यांत सूज, निळसरपणा आणि दुखणे अपेक्षित असते आणि ते क्रमाक्रमाने कमी व्हायला हवे. बरेच सर्जन लिंग पोटाच्या दिशेने वर ठेवायला सांगतात, म्हणजे भरून येताना ते खाली वाकलेल्या स्थितीत घट्ट होत नाही. पंप रोज हलकेच खाली ओढायलाही सांगितले जाते, जेणेकरून तो वृषणकोशात वर चढून अडकणार नाही. ही सूचना किरकोळ वाटते, परंतु वर चढलेला पंप पुढे आयुष्यभर गैरसोयीचा ठरतो, म्हणून ती नेमाने पाळावी. साधारण चार ते सहा आठवड्यांनी, दुखणे ओसरल्यावर, सर्जन किंवा प्रशिक्षित परिचारिका इम्प्लांट फुगवायला आणि उतरवायला शिकवते. हे शिक्षण एका भेटीत पुरे झाले असे मानू नये. जोडीदाराला सोबत न्यावे, स्वतः दोन-तीनदा करून दाखवावे, आणि घरी जमले नाही तर पुन्हा जावे. परवानगी मिळेपर्यंत शरीरसंबंध टाळावेत. ती साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास मिळते.

सुरुवातीचे काही महिने रोज पूर्ण फुगवून, थोडा वेळ तसेच ठेवून, मग पूर्ण उतरवण्याचा सराव करायला सांगितला जातो. इम्प्लांटभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करत असते. टाकी त्या काळात रिकामी राहिली, तर ते आवरण तिच्याभोवती आवळले जाते, आणि मग पूर्ण उतरवल्यावरही सलाईन आपोआप सिलिंडरकडे येऊन लिंग अर्धवट ताठर होत राहते. उलट सिलिंडर कधीच पूर्ण फुगवले नाहीत, तर त्यांच्या भोवतीचे आवरण त्यांना आखूड ठेवू शकते. म्हणून सराव दोन्ही टोकांपर्यंत व्हायला हवा.

पुढील वर्षांत सांभाळ

यानंतरचा सांभाळ सोपा आहे, परंतु काही चुका महाग पडतात. संबंधाच्या वेळी इम्प्लांट पूर्ण फुगवलेले असावे. अर्धवट ताठर अवस्थेत जोर लावल्यास सिलिंडर दुमडतो आणि त्याच जागी वारंवार घडी पडून झीज होते. कोरडेपणा असल्यास वंगण वापरावे. संबंधानंतर पूर्ण उतरवावे आणि रात्रभर फुगवलेले ठेवू नये. लिंगात इंजेक्शन घेण्याचा उपाय पूर्वी केला असेल, तर इम्प्लांटनंतर तो कायमचा बंद करावा, कारण सुई सिलिंडरला छिद्र पाडते. हे वाक्य कितीही उघड वाटले तरी ते स्पष्टपणे लिहिणे गरजेचे आहे.

इम्प्लांट असल्याची गोष्ट लाजेपोटी लपवून ठेवणे हे दीर्घकालीन नुकसानीचे एक टाळता येणारे कारण आहे. मूत्रमार्गात नळी घालण्याची किंवा दुर्बिणीने तपासणी करण्याची वेळ आली, तर इम्प्लांट पूर्ण उतरवलेले असावे, नळी शक्य तितकी बारीक असावी आणि ती गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवू नये. हर्निया, प्रोस्टेट किंवा मूत्राशयाच्या शस्त्रक्रियेआधी त्या सर्जनला टाकी आणि नळ्या कोठे आहेत हे ठाऊक असायला हवे, नाहीतर त्या कापल्या जाऊ शकतात. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये सलाईनने भरलेली टाकी एखाद्या गाठीसारखी किंवा पाण्याच्या पिशवीसारखी दिसते आणि तपासणाऱ्याला माहिती नसेल तर नाहक घबराट उडते. एमआरआयच्या बाबतीत आजची बहुतेक इम्प्लांट ठरावीक अटींसह चालतात, परंतु काही जुन्या प्रकारांतील धातूचे भाग चुंबकाला प्रतिसाद देतात, म्हणून मॉडेलचे नाव सांगितल्याशिवाय यंत्रात जाऊ नये.

बिघाडाची चिन्हे ओळखणे

बिघाडाची तक्रार करायला उशीर होण्याचे कारण बहुधा संकोच असते, म्हणून कोणती चिन्हे दिसल्यावर थांबता येते आणि कोणती दिसल्यावर थांबू नये हे वेगळे सांगतो.

पूर्वीइतके घट्ट फुगत नाही, पंप जास्त वेळा दाबावा लागतो, किंवा पंप दाबल्यावर नुसता चपटा राहतो, अशा वेळी बहुतेकदा कोठेतरी गळती सुरू झालेली असते. यात तातडी नाही. परंतु फार दिवस न वापरलेल्या इम्प्लांटचा पंप एखादे वेळी केवळ अडकलेला असतो आणि योग्य रीतीने दाबून तो मोकळा होतो, त्यामुळे बिघाड ठरवण्याआधी सर्जनकडून एकदा तपासून घ्यावे. सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयने टाकीत सलाईन आहे की नाही हे दिसते. फुगवल्यावर एका बाजूला फुगवटा येणे हे सिलिंडरची भिंत कमजोर झाल्याचे लक्षण असू शकते. लिंगमुंड खाली लोंबणे म्हणजे सिलिंडरचे टोक पुरेसे पुढे पोहोचलेले नाही, आणि त्यावर छोट्या दुरुस्तीचा उपाय असतो.

थांबू नये अशी चिन्हे वेगळी आहेत. बरे झालेले दुखणे पुन्हा सुरू होऊन वाढत जाणे, वृषणकोशाची त्वचा लाल आणि गरम होणे, पंप त्वचेला आतून चिकटल्यासारखा एकाच जागी घट्ट बसणे, जखमेतून स्राव येणे किंवा ताप येणे ही संसर्गाची चिन्हे आहेत. संसर्ग पहिल्या काही महिन्यांत दिसण्याचा संभव अधिक असला तरी तो संथ असतो तेव्हा कित्येक महिने केवळ न थांबणारे दुखणे एवढेच त्याचे रूप असते. त्वचेतून किंवा मूत्रमार्गाच्या तोंडाशी सिलिंडर दिसू लागणे किंवा त्या जागी त्वचा पातळ आणि चकचकीत होणे हेही त्याच दिवशी दाखवण्यासारखे आहे.

दुसरी शस्त्रक्रिया

यांत्रिक बिघाडानंतर इम्प्लांट बदलणे ही नित्याची शस्त्रक्रिया आहे आणि तिच्यानंतर बहुतेक पुरुष पुन्हा समाधानी होतात. तरी दुसऱ्या वेळी संसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा अधिक असतो, कारण वरवर निरोगी दिसणाऱ्या जुन्या इम्प्लांटवरही जंतूंचा पातळ थर असू शकतो. म्हणून जुने भाग काढून पोकळ्या प्रतिजैविकयुक्त द्रावणाने भरपूर धुण्याची पद्धत रूढ झाली आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत एखादाच भाग गळला असेल तर तेवढाच बदलता येतो. त्यानंतर सर्जन सहसा सर्व भाग नवे घालतात, कारण उरलेले भागही तितकेच झिजलेले असतात. जुनी टाकी खोल रुतलेली असेल आणि संसर्ग नसेल तर ती रिकामी करून तशीच ठेवली जाते, आणि हे नंतरच्या स्कॅनच्या वेळी लक्षात ठेवावे लागते.

संसर्ग झाल्यावर दोन मार्ग असतात. सर्व भाग काढून काही महिने थांबणे हा पहिला मार्ग. त्यात पोकळ्या कडक व्रणाने भरतात, लिंग आखूड होते आणि नंतरचे रोपण फार अवघड जाते. दुसरा मार्ग अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञ जॉन मल्काही यांनी १९९० च्या दशकात मांडला. त्यात संसर्ग झालेले भाग काढून, पोकळ्या अनेक द्रावणांनी क्रमाने धुऊन, त्याच शस्त्रक्रियेत नवे इम्प्लांट घातले जाते. त्यांच्या स्वतःच्या रुग्णांत सुमारे ८२ टक्के यश मिळाले. पुढे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात, धुतल्यानंतर फुगणाऱ्या इम्प्लांटऐवजी अर्धताठर दांड्या घातलेल्या ५८ रुग्णांपैकी ५४ जण संसर्गमुक्त राहिले. अशी बचाव-शस्त्रक्रिया प्रत्येकाला करता येत नाही. रक्तात संसर्ग पसरलेला असेल किंवा ऊती मृत झाल्या असतील, तर सर्व काढणेच योग्य. परंतु ती शक्य आहे का, हे लवकर पोहोचलेल्या रुग्णालाच विचारता येते. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधीच सर्जनला विचारून ठेवावे की, संसर्ग झाला तर आपण ही पद्धत करता का, आणि करत नसाल तर कोणाकडे पाठवाल.

समाधानाचे आकडे बहुतेक अभ्यासांत ८० ते ९० टक्क्यांच्या आसपास आढळतात आणि जोडीदारांचे प्रमाण सहसा त्याहून थोडे कमी असते. हे आकडे उत्तर देणाऱ्यांचे असतात, न देणाऱ्यांचे नसतात, एवढे ध्यानात ठेवले तरी ते उत्साहवर्धक आहेत.

राहता राहिली कागदपत्रे. शस्त्रक्रियेनंतर मिळणारे इम्प्लांटचे कार्ड, ज्यावर कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक असतो, ते पाकिटात ठेवावे. ऑपरेशनच्या नोंदीची प्रत आग्रहाने मागून घ्यावी. तिच्यात सिलिंडरची लांबी, मागच्या टोकाला लावलेले वाढीव तुकडे किती, टाकी मूत्राशयाजवळच्या जागेत आहे की पोटाच्या स्नायूंमागे, ती कोणत्या बाजूला आहे आणि तिच्यात किती सलाईन भरले आहे, हे लिहिलेले असते. कंपनीने भाग बदलून देण्याची हमी दिली असल्यास तिच्या अटीही त्याच फाइलमध्ये ठेवाव्यात; सहसा अशा हमीत यंत्राचे भाग येतात, शस्त्रक्रियेचा खर्च येत नाही. बारा-चौदा वर्षांनी इम्प्लांट बदलायची वेळ येईल तेव्हा पहिला सर्जन त्या जागी असेलच असे नाही, आणि नव्या सर्जनला आत काय आहे हे या एका कागदावरूनच कळणार आहे.